‘आणि मंडळी’पासून एलएलसीपर्यंत

पुण्याच्या पाट्यांवर आजवर भरपूर विनोद झाले, पण दुकानाच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या शब्दांकडे मात्र फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ‘बंधू’, ‘आणि सन्स’, ‘आणि मंडळी’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’. वरवर पाहता ही नुसती शेपटं. पण त्या प्रत्येक शेपटात एक करार दडलेला असतो: धंदा चालला तर नफा कुणाचा, आणि बुडाला तर सावकार कुणाच्या दारात उभा राहणार? अमेरिकेत आल्यावर आपल्या ओळखीची ही शेपटं दिसेनाशी होतात आणि त्यांच्या जागी सगळीकडे तीन अक्षरं दिसू लागतात: एलएलसी. प्लंबरच्या व्हॅनवर एलएलसी, इडली-डोशाच्या हॉटेलावर एलएलसी, घरं विकणाऱ्या मित्राच्या व्हिजिटिंग कार्डावर एलएलसी.

गेली काही वर्षं आपल्या मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या जेवणात एक प्रश्न हमखास कानावर येतो. घरबसल्या इंटरनेटवर छोटा उद्योग सुरू केलेली एखादी वहिनी किंवा कॉलेजात जाणारा एखादा मुलगा विचारतो, “काका, मी एलएलसी काढू का?” पंगतीत बसलेल्या दहाजणांकडे याची अकरा उत्तरं असतात. हा लेख बारावं उत्तर नाही. ही तीन अक्षरं आली कुठून, त्यांच्या आधी काय होतं आणि त्यांच्या कवचाला भोकं कुठे आहेत, याची ही गोष्ट आहे. ती ठाऊक असली की उत्तर ज्याचं त्याला सापडतं, असा माझा अनुभव.

आधी या उद्योगाबद्दल थोडं. समजा, एका वहिनीने मराठी पाककृतींची वेबसाइट काढली. पुरणपोळीची कृती लिहिताना कुठलं पुरणयंत्र चांगलं ते सांगितलं आणि खाली दुकानाची लिंक दिली. वाचकाने त्या लिंकवरून जाऊन खरेदी केली की दुकान वहिनींना टक्केवारी देतं. याला अफिलिएट मार्केटिंग असं भारदस्त नाव आहे, पण आपल्या मार्केट यार्डातला अडत्या हे नातं चटकन ओळखेल. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरं, आपण मधले, आपली अडत ठरलेली. फरक इतकाच की अडत्याला शेतकरी आणि व्यापारी दोघंही तोंडाने ओळखतात, इथे कुणीच कुणाला पाहिलेलं नसतं. सुरुवात फुलांपासून झाली म्हणतात. १९८९ मध्ये प्रॉडिजी या त्या काळच्या संगणक सेवेवर फुलं आणि भेटवस्तू विकणारं एक दुकान होतं, त्याने टक्केवारीची ही पद्धत वापरली. १९९४ मध्ये सीडीनाऊ या संगीताच्या दुकानाने ती वेबवर आणली आणि जुलै १९९६ मध्ये अमेझॉनने ‘असोसिएट्स’ योजना काढून ती घराघरात पोहोचवली. विशेष म्हणजे, त्याच सुमारास, १ जानेवारी १९९७ पासून, करखात्याच्या एका नियमाने एकट्यादुकट्या माणसाची एलएलसी सोपी करून टाकली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. पण घरातल्या संगणकावर धंदा करणाऱ्या माणसाला दोन्ही एकदमच मिळाल्या.

आता जरा मागे जाऊ.

जबाबदारीला मर्यादा असू शकते, ही कल्पनाच मुळात नवी. जगात बहुतेक ठिकाणी, बहुतेक काळ नियम एकच होता: कर्ज केलंस, फेड. आपल्याकडे तर हे पुढच्या पिढीवरही जायचं. मिताक्षरा पद्धतीच्या हिंदू कायद्यात वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं गेलं होतं. अनीतीसाठी काढलेलं कर्ज सोडून, म्हणजे जुगाराचं वगैरे. मुंबई इलाख्यात तर गोष्ट आणखी कडक होती. वडिलांकडून कवडीचा वारसा मिळाला नसला तरी त्यांच्या कर्जासाठी मुलाला धरता येत असे. १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा केला आणि मुलाची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती आणून ठेवली. म्हणजे एका अर्थाने ‘मर्यादित जबाबदारी’ आपल्या पणजोबांच्या घरात धंद्यातून नव्हे, वारसाहक्कातून आली. ते धर्मकर्तव्य कायद्याच्या पुस्तकातून नव्या कर्जांपुरतं निघालं ते थेट २००५ मध्ये, हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी हीच ती दुरुस्ती. तिच्याबद्दल बोलताना हा दुसरा भाग सगळेच विसरतात. त्या जुन्या जगाला एक दयेची बाजूही होती, तीही सांगायला हवी. ‘दामदुप्पट’. व्याज साचून साचून मुद्दलापेक्षा जास्त झालं तर एका वेळी मुद्दलाच्या दुपटीपेक्षा जास्त वसूल करता येत नसे, आणि हा नियम मुंबईच्या इंग्रजी कोर्टांनीही मानला.

इंग्लंडमध्ये १७२० च्या साउथ सी कंपनीच्या फुग्यानंतर कंपनी या गोष्टीचाच धसका बसला होता. कंपनी काढायची तर राजाची सनद किंवा पार्लमेंटचा खास कायदा हवा. ईस्ट इंडिया कंपनी १६०० मध्ये अशाच सनदेवर जन्मली, तिचं पुढचं चरित्र आपल्याला फार जवळून माहीत आहे. सामान्य माणसासाठी भागीदारी हाच मार्ग, आणि भागीदारीत प्रत्येक भागीदार दुसऱ्याच्या चुकीसाठी शेवटच्या शर्टापर्यंत जबाबदार. १८५५ मध्ये पार्लमेंटने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला आणि दुसऱ्याच वर्षी तो सोपा केला. शेअरची किंमत भरलीत की तुमचं देणं संपलं, आणि कंपनीच्या नावापुढे ‘लिमिटेड’ लिहून जगाला तशी सूचना द्यायची. तो शब्द म्हणजे खरं तर एक इशारा होता: उधार देणाऱ्यांनो, सावध! आज तोच शब्द प्रतिष्ठेचा झाला आहे, हा इतिहासाचा एक विनोदच.

मुंबईला हा कायदा फार लवकर मिळाला. १८५७ च्या धामधुमीतही कलकत्त्याच्या सरकारने मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा केला, आणि १८६० मध्ये तो बँकांनाही लागू झाला. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर धावू लागल्या आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. नवा कायदा हाताशी होताच, रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी मुंबईच्या भल्याभल्या पेढ्यांचं दिवाळं निघालं. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. टॉवर पाहताना आपल्याला घड्याळ दिसतं, मागचा कापूस दिसत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘लिमिटेड’ने मुंबईकरांना वाचवलं नाही. कारण त्यांचं नुकसान कंपनीच्या कर्जातून झालं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या सहीने केलेल्या वायद्यांतून आणि स्वतःच्या नावावर काढलेल्या कर्जातून झालं होतं. पाटी कंपनीची, सही स्वतःची. दीडशे वर्षांनंतर न्यू जर्सीतला बँकवाला नव्या एलएलसीला कर्ज देताना मालकाची वैयक्तिक हमी मागतो, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा घडते.

मर्यादा नसली की काय होतं, त्याचं सर्वांत भयानक उदाहरण मात्र स्कॉटलंडचं. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. संचालकांनी खोटे ताळेबंद दाखवून तोटा लपवला होता. बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती आणि ते होते कोण? मध्यमवर्गीय माणसं, विधवा, अविवाहित बहिणी, पाद्री. लाभांश चांगला म्हणून शेअर घेतलेले. बँक बुडाल्यावर लिक्विडेटरने शंभर पौंडांच्या शेअरमागे आधी पाचशे पौंड मागितले, आणि ते पुरेनात म्हणून पुन्हा २,२५० पौंड! सुमारे १,८०० भागधारकांपैकी शेवटी कर्जमुक्त उरले ते जेमतेम अडीचशे. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्याच्या मुलांसाठी विश्वस्त म्हणून ज्यांनी शेअर स्वतःच्या नावावर ठेवले होते, त्यांनाही स्वतःच्या खिशातून भरावं लागलं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८७९ मध्ये तसा निकालच दिला. पुतण्याच्या शिक्षणाचे पैसे सांभाळले म्हणून काकाचं घर गेलं. घर आणि मुलांच्या कॉलेजचा फंड, हीच इथे आपली सगळी पुंजी. ती धंद्यापासून वेगळी ठेवता यावी ही इच्छा लोभातून आलेली नाही, अशा कहाण्यांतून आली आहे.

आणि मग आले ॲरन सालोमन. लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये चामड्याचे बूट बनवणारा हा गृहस्थ. कायद्याला सात भागधारक लागत. १८९२ मध्ये त्याने स्वतः, बायको आणि पाच मुलं अशी सात डोकी मोजून कंपनी काढली. घरच्यांना प्रत्येकी एक शेअर, उरलेले वीस हजार एक स्वतःला, आणि वर कंपनीला दिलेल्या धंद्याच्या किमतीपैकी दहा हजार पौंड कर्जरोख्यांच्या रूपात. म्हणजे कंपनीचा मालकही तोच आणि तारण असलेला सावकारही तोच! वर्षभरात धंदा कोसळला. खालच्या दोन्ही कोर्टांनी सांगितलं की ही कंपनी म्हणजे निव्वळ सोंग आहे, सालोमनने सगळ्यांचं देणं फेडावं. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये तो निकाल फिरवला. कंपनी कायद्याप्रमाणे नोंदली गेली की ती वेगळी व्यक्ती, मग तिच्यामागे एकच माणूस का असेना. आज जगातली प्रत्येक एकखांबी कंपनी या बूट बनवणाऱ्याच्या खांद्यावर उभी आहे. भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यात ‘एकव्यक्ती कंपनी’ला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा सालोमनला जाऊन शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

अमेरिकेने इंग्लंडची वाट पाहिली नव्हती. न्यूयॉर्कने १८११ मध्येच कारखान्यांसाठी असा कायदा केला की विधिमंडळाकडे न जाता, नुसता अर्ज नोंदवून कॉर्पोरेशन काढता येईल, भांडवल एक लाख डॉलरपर्यंत, आयुष्य वीस वर्षं. १८२२ मध्ये त्याच राज्याने फ्रेंच वळणाची मर्यादित भागीदारी आणली, ज्यात पैसे घालून गप्प बसणाऱ्या भागीदाराला पैशापुरतीच झळ. या १८२२ च्या कायद्याकडे पुन्हा येऊ.

पुढे प्रश्न जबाबदारीचा कमी आणि कराचा जास्त झाला. १९०९ मध्ये कॉर्पोरेशनवर कर आला, १९१३ पासून माणसांवर आयकर आला. म्हणजे एकच डॉलर दोनदा कापला जाणार: आधी कंपनीत, मग लाभांश म्हणून घरी येताना. छोट्या धंद्यासमोर पेच उभा राहिला. कवच हवं तर दोनदा कर भरा, एकदाच कर हवा तर उघड्या अंगाने फिरा. १९५८ मध्ये काँग्रेसने मधली वाट काढली. करकायद्याच्या ‘एस’ या पोटभागात बसणाऱ्या छोट्या कॉर्पोरेशनने स्वतः कर भरायचा नाही, नफा थेट भागधारकांच्या विवरणात दाखवायचा. सुरुवातीला भागधारक जास्तीत जास्त दहा, आता शंभर. पण अटी कडक आहेत. त्यातली एक आपल्याला थेट लागते: अमेरिकेत करासाठी निवासी नसलेला परदेशी माणूस एस कॉर्पोरेशनचा भागधारक होऊ शकत नाही. पुण्यातल्या भावाला प्रेमाने पाच टक्के दिलेत की एस दर्जा गेला!

आणि आता आपल्या कथेचे खरे नायक: डॉक्टर आणि तेलवाले. मोंटाना राज्यातल्या काही डॉक्टरांना आपल्या दवाखान्याच्या भागीदारीला कॉर्पोरेशन म्हणून वागवून हवं होतं, कारण पेन्शनच्या करसवलती फक्त कर्मचाऱ्यांना मिळत. १९५४ मध्ये किंटनर खटल्यात ते जिंकले. करखातं चिडलं. १९६० मध्ये त्यांनी असे नियम लिहिले की एखाद्या संस्थेला कॉर्पोरेशन म्हणवून घेणं अवघड जावं. चार लक्षणं ठरवली: संस्थेचं अखंड आयुष्य, केंद्रित कारभार, मर्यादित जबाबदारी आणि हिस्सा मोकळेपणी विकता येणं. चारपैकी निदान तीन असतील तरच कॉर्पोरेशन, नाहीतर भागीदारी. डॉक्टरांना अडवायला खणलेला हा खड्डा. पण एखाद्या चतुर माणसाने उलटा विचार केला तर? मर्यादित जबाबदारी ठेवायची, बाकीच्यांतली दोन लक्षणं मुद्दाम टाकून द्यायची, म्हणजे कवचही राहिलं आणि करही एकदाच.

तो चतुर माणूस एका तेल कंपनीच्या बाजूने आला. हॅमिल्टन ब्रदर्स ही कंपनी परदेशातल्या तेलाच्या कामांसाठी पनामामधली ‘लिमितादा’ वापरत असे. लॅटिन अमेरिकेत रुळलेल्या या प्रकाराचं मूळ जर्मनीच्या १८९२ च्या छोट्या कंपन्यांच्या कायद्याशी जाऊन भिडतं. असंच काही घरच्या अमेरिकेतही हवं, म्हणून कंपनीच्या सल्लागारांनी स्वतःच कायद्याचा मसुदा लिहिला. आधी तो अलास्काच्या विधिमंडळात नेला, तिथे तो मंजूर झाला नाही. मग वायोमिंगला नेला. माणसांपेक्षा गुरं जास्त असलेलं हे राज्य. मार्च १९७७ मध्ये तिथे फारशी चर्चा न होता तो संमत झाला. एका कंपनीच्या सोयीसाठी लिहिलेला, जवळजवळ कुणाच्याही लक्षात न आलेला हा कायदा. आज अमेरिकेतले बहुसंख्य नवे धंदे ज्या रूपात जन्मतात, ते रूप असं आलं.

पुढची अकरा वर्षं मात्र ते पाळण्यातच होतं. करखात्याला निर्णयच होईना. नोव्हेंबर १९८० मध्ये तर त्यांनी कमाल केली. एकाच आठवड्यात हॅमिल्टनच्या वायोमिंग एलएलसीला भागीदारी मानणारं खाजगी पत्र दिलं आणि कुठल्याही एलएलसीला भागीदारी मानणार नाही असे प्रस्तावित नियमही छापले! ते नियम १९८३ मध्ये मागे घेतले. या काळात फक्त फ्लोरिडाने १९८२ मध्ये वायोमिंगचा कित्ता गिरवला. सप्टेंबर १९८८ मध्ये करखात्याने अखेर जाहीर निर्णय दिला की वायोमिंगची एलएलसी कराच्या दृष्टीने भागीदारीच. मग मात्र राज्यांची रांग लागली. कोलोरॅडो आणि कॅन्सस १९९०, टेक्सस १९९१, डेलावेअर १९९२, न्यू जर्सी १९९३, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया १९९४. हवाईपर्यंत पोहोचता पोहोचता १९९७ उजाडलं. चार लक्षणांची कसरत निरर्थक झाली आहे हे ओळखून करखात्यानेही हात टेकले आणि १९९७ पासून सांगितलं, फॉर्मवर चौकटीत खूण करा आणि कर कसा भरायचा ते तुम्हीच ठरवा. एकट्याची एलएलसी असेल आणि खूण केलीच नाही तर करखात्यासाठी ती जणू नाहीच. मालकाच्या विवरणात, शेड्यूल सीवर, सगळा हिशेब.

म्हणून एक गैरसमज इथेच खोडायला हवा: एलएलसी काढली की कर वाचतो. नुसती काढली तर एक सेंटही वाचत नाही. पाटी नसलेला एकटा व्यावसायिक जो १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरतो, तोच एकखांबी एलएलसीवालाही भरतो. २०१७ च्या करकायद्याने आणलेली आणि २०२५ मध्ये कायम झालेली व्यवसाय-उत्पन्नावरची वीस टक्के वजावटही दोघांना सारखीच. कर वाचवायचा तर एलएलसीने एस दर्जा निवडायचा, स्वतःला पगार द्यायचा आणि उरलेल्या नफ्यावरचा स्वयंरोजगार कर टाळायचा, अशी प्रसिद्ध युक्ती आहे. पण पगार वाजवी हवा. आयोवातल्या एका हिशेबनिसाने वर्षाला २४,००० डॉलर पगार घेतला आणि दोन लाखांच्या आसपास नफा वाटून घेतला. २०१२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, तुमच्या कामाची किंमत ९१,०४४ डॉलर होते, तेवढ्यावर कर भरा. माणूस स्वतः हिशेबनीस होता, हे विशेष.

मग कवचाचं काय? ते खरं आहे, पण त्याला भोकं आहेत. न्यूयॉर्कमध्ये एका टॅक्सीमालकाने दहा कॉर्पोरेशन्स काढल्या, प्रत्येकीच्या नावावर दोन टॅक्स्या आणि कायद्याने लागणारा किमान दहा हजार डॉलरचा विमा. एका टॅक्सीने रस्त्यावरच्या माणसाला जखमी केलं. १९६६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने म्हटलं की धंद्याचे तुकडे केले आणि विमा कमी ठेवला एवढ्यावरून मालकाला वैयक्तिकरीत्या धरता येणार नाही. त्याने कंपनीचे पैसे स्वतःचे म्हणून वापरले असं दाखवा, मग पाहू. एकाच वेळी दिलासा देणारा आणि अस्वस्थ करणारा निकाल. त्यातून घ्यायचं ते बँकखात्याबद्दल. धंद्याच्या कार्डावर पटेल ब्रदर्सचा किराणा घेणाऱ्याने कवचाची अपेक्षा करू नये.

दुसरं भोक मोठं आहे आणि अफिलिएटवाल्याला तेच जास्त लागतं. एलएलसी तुम्हाला कंपनीच्या कर्जापासून वाचवते, तुमच्या स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टीपासून नाही. एकट्याने साइट चालवणारा माणूस स्वतः लिहितो, स्वतः फोटो लावतो, स्वतः दावे करतो. दुसऱ्याचा फोटो उचलला, एखाद्या औषधाने आठवड्यात दहा पौंड उतरतात असं लिहिलं, तर ते करणारा तोच. फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये नियम स्पष्ट केले की टक्केवारी मिळत असेल तर तसं वाचकाला सांगावं लागेल. वजन उतरवण्याच्या गोळ्यांसाठी खोट्या बातम्यांची पानं बनवणाऱ्या अफिलिएट जाळ्याला, लीडक्लिक कंपनीला, २०१६ मध्ये अपील कोर्टाने जबाबदार धरलं. फ्लोरिडात तर २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने ओल्मस्टेड प्रकरणात सांगितलं की एकट्याच्या एलएलसीतला हिस्साच कोर्ट त्याच्याकडून काढून घेऊ शकतं, कारण दुखावला जाईल असा दुसरा भागीदारच तिथे नाही. सालोमनला मिळालेलं कवच एकटेपणामुळेच इथे पातळ झालं.

अफिलिएट लोकांना खरा फटका बसला तो मात्र कुठल्याच कवचाने अडला नसता. २००८ मध्ये न्यूयॉर्कने कायदा केला की राज्यातले अफिलिएट म्हणजे जणू दुकानाचे तिथले विक्रेते, म्हणून दुकानाने विक्रीकर गोळा करावा. ओव्हरस्टॉकने न्यूयॉर्कमधल्या अफिलिएटांशी संबंधच तोडले. इतर राज्यांनी नक्कल केली तेव्हा अमेझॉनने २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलायना आणि र्‍होड आयलंड, २०१० मध्ये कोलोरॅडो, २०११ मध्ये इलिनॉय आणि काही महिन्यांपुरतं कॅलिफोर्निया इथल्या अफिलिएटांना एका ईमेलने घरी बसवलं. तुमची एलएलसी डेलावेअरची की वायोमिंगची, याला महत्त्व नव्हतं, तुम्ही राहता कुठे याला होतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेफेअर खटल्यात राज्यांना बाहेरच्या दुकानांकडूनही कर घेण्याची मुभा दिली आणि हे भांडण मिटलं. पण त्या दशकात ज्यांचं उत्पन्न एका रात्रीत थांबलं, त्यांना कुणी भरपाई दिली नाही.

हे सगळं पाहता माझं मत असं: नव्याने सुरुवात करणाऱ्या एकट्या माणसाला पहिल्या वर्षी एलएलसीपेक्षा वेगळं बँकखातं, नीट हिशेब आणि लिखाणाच्या दाव्यांना संरक्षण देणारा विमा जास्त उपयोगी. कॅलिफोर्नियात तर एलएलसीला नफा असो वा नसो, वर्षाला किमान ८०० डॉलर राज्याला द्यावे लागतात. पुरणयंत्रांच्या टक्केवारीतून तेवढे सुटायला बऱ्याच होळ्या लागतील! पण दोघं मित्र मिळून साइट चालवत असाल तर मात्र थांबू नका. नफा वाटून घेत असाल तर कागद नसतानाही कायदा तुम्हाला भागीदार मानतो, आणि मग ग्लासगोच्या भागधारकांसारखेच तुम्ही एकमेकांच्या चुकांना बांधले जाता. इथे एलएलसी आणि तिच्याबरोबर लेखी करारनामा, दोन्ही हवेत. नवरा-बायकोचंही तेच. आणि ज्यांच्या घरी अजून ग्रीन कार्डाची वाट पाहणं चालू आहे त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. २०१५ पासून एच-४ वरच्या काही जणांना कामाचा परवाना मिळू लागला, पण ज्यांच्याकडे तो नाही त्यांना कंपनीची मालकी आणि कंपनीतलं काम यांतला फरक महागात पडू शकतो.

‘वायोमिंगमध्ये काढा, स्वस्त पडतं’ हा सल्लाही फार ऐकू येतो. राहता न्यू जर्सीत आणि काम करता न्यू जर्सीत, तर तिथेही नोंदणी करावी लागते, फी दोनदा. तेल कंपनीला वायोमिंग हवं होतं, आपल्याला त्याची गरज नाही.

राहिला १८२२ चा तो कायदा. मर्यादित भागीदारी काढणाऱ्याने तिची माहिती दोन वर्तमानपत्रांत सहा आठवडे छापावी, असं त्यात सांगितलं होतं. वर्तमानपत्र हेच गावभर दवंडी पिटण्याचं साधन होतं तेव्हा ते ठीकच होतं. पण १९९४ मध्ये न्यूयॉर्कने एलएलसीचा कायदा केला तेव्हा ती दवंडी तशीच ठेवली, आणि ती आजही आहे. न्यूयॉर्कमध्ये एलएलसी काढणाऱ्याने नोंदणीनंतर १२० दिवसांच्या आत, एका दैनिकात आणि एका साप्ताहिकात, सलग सहा आठवडे जाहिरात द्यायची. मॅनहॅटनमधल्या जाहिरातीचा खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो, म्हणून कित्येकजण कंपनीचा पत्ता ऑल्बनी काउंटीतला देतात, तिथली वर्तमानपत्रं स्वस्त आहेत. त्यामुळे क्वीन्समधल्या स्वयंपाकघरात बसून इंटरनेटवर धंदा करणाऱ्या कंपनीची दवंडी आजही दीडशे मैलांवरच्या, तिच्या एकाही वाचकाने कधी न उघडलेल्या साप्ताहिकात छापून येते.